जुने जीपीएस, स्वस्त सुटे भाग आणि समुद्रावरची माणसे

बंदराच्या रस्त्यावर आमचा लहानसा गाळा आहे. एक टेबल, त्यावर सोल्डरिंगचे लोखंड, मल्टीमीटर, भिंग, आणि भिंतीला लावून ठेवलेली, बोटींवरून उतरवलेली यंत्रे. त्यांत जीपीएस आहेत, फिश फाइंडर आहेत, वायरलेस सेट आहेत. पुष्कळशी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या की आमच्याकडे कामाची झुंबड उडते, कारण बंदी उठायच्या आत सर्वांनाच आपापले यंत्र चालू झालेले हवे असते.

अशाच एका पावसाळ्यात एक वयस्कर तांडेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जीपीएस घेऊन आले. यंत्र चालू होत होते, पण पडद्यावर अंधार होता. ते म्हणाले, "पोरांनो, नवीन मशीन यंदा जमायचं नाय. डिझेलचीच उधारी फिटली नाय अजून. हेच चालू करून द्या." आम्ही म्हणालो, "मामा, कंपनीचा पडदा आता येत नाही. दुसरा स्वस्त भाग बसवून बघतो." ते खूश होऊन गेले. त्या कामात आमच्या हातून जी चूक झाली ती पुढे सांगणारच आहोत. हा लेख लिहायला बसलो तो त्या चुकीमुळेच.

वाचकहो, जुन्या यंत्राला स्वस्त भाग लावण्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो न मोजता लावण्यात. घरातला पंखा किंवा मिक्सर बिघडला तर फार तर उकडेल, फार तर चटणी पाट्यावर वाटावी लागेल. समुद्रावर मात्र त्या यंत्राच्या भरवशावर पाच-सात माणसे रात्रीची खडप चुकवून घरी येत असतात. म्हणून कोणता भाग कुठे चालतो आणि कुठे मुळीच चालत नाही, हे यंत्र दुरुस्त करणाऱ्याइतकेच ते वापरणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.

नाव कंपनीचे, आतले भाग बाजारातले

पुष्कळांची अशी समजूत असते की, जपानी यंत्राच्या आत सगळेच जपानी आणि सगळेच दुर्मीळ. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधण्याचे यंत्र प्रथम व्यवहारात आणले, तेव्हापासून या धंद्यात जपानी नावांचा दबदबा आहे हे खरे. परंतु झाकण उघडून पाहावे. फ्यूज, कपॅसिटर, डायोड, ५ व्होल्टचा रेग्युलेटर, बटणाएवढा सेल, रबराची गोल रिंग, यांतले बहुतेक सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळते, आणि तेही दहा-वीस रुपयांपासून. कंपनीचे खास असे जे असते ते म्हणजे पडदा, मुख्य चिप आणि तिच्यातला प्रोग्रॅम. ते गेले तर गोष्ट निराळी. पण आमचा अनुभव असा की, "मेले" म्हणून आलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांत बिघाड असतो तो त्या दहा-वीस रुपयांच्या भागातच.

पहिली तपासणी नेहमी विजेची करावी. बोटीची बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे आधी विचारावे. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे स्वस्त भाग बहुधा १२ व्होल्टपुरते बनवलेले असतात. इंजिन चालू असताना २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होऊ लागली की तारेत २८ व्होल्टच्या वर जातात. १२ व्होल्टचा भाग तिथे टिकत नाही, आणि जाताना पुढचे चांगले भागही जाळून जातो.

फ्यूज उडाला तर त्याच ॲम्पियरचा फ्यूज लावावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज "चालू" केलेली यंत्रे आम्ही कितीतरी पाहिली आहेत. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या गेल्या की आतला रक्षक डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे दोन-चार रुपयांचा फ्यूज जातो आणि हजारोंचे यंत्र वाचते. चांदी गुंडाळली की हे गणित उलटे होते.

फुगलेला डबा

कपॅसिटर म्हणजे यंत्रातला लहानसा गोल डबा, विजेचा प्रवाह सारखा ठेवणारा. त्याच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो, डब्याचा माथा फुगतो, आणि मग यंत्र मधेच बंद पडू लागते किंवा पडद्यावर लाटा दिसू लागतात.

बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त असावा. २४ व्होल्टच्या बोटीत वीज आत येते त्या जागी आम्ही ५० व्होल्टचाच घालतो. तिसरी गोष्ट म्हणजे तापमान. डब्यावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. ढोबळ नियम असा की, तापमान दर १० अंशांनी कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा डबा ६५ अंशांवर ३२००० तास टिकेल. ८५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा डबा त्याच जागी ८००० तासच टिकेल. दोहोंच्या किमतीतला फरक चहाच्या कपाएवढासुद्धा नसतो. उन्हात तापणाऱ्या केबिनमधल्या यंत्राला १०५ अंशांचाच घालावा.

आणखी एक सावधगिरी. बाजारात नकली मालही असतो. मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर घालून वर मोठा आकडा छापलेला आढळतो. हातात घेतल्यावर फारच हलका वाटला तर घेऊ नये. मीटरवर मोजल्याशिवाय कोणताही भाग बोर्डावर लावायचा नाही, हा आमच्या गाळ्यातला नियम आहे.

सेल काढण्याआधी वही काढा

जुन्या जीपीएसमध्ये आठवण जपण्यासाठी एक लहान सेल असतो. तो संपला की यंत्र दर वेळी उशिरा जागे होते आणि जपून ठेवलेल्या जागा पुसल्या जातात. या जागा म्हणजे काय, हे बंदराबाहेरच्या माणसाला सांगितले पाहिजे. कुठे खडप आहे, कुठे बुडालेली बोट जाळे फाडते, कोणत्या महिन्यात कोणत्या खोलीवर मासळी लागते, हे सगळे तांडेलाने वीस-वीस वर्षे एकेक करून त्यात भरलेले असते. त्याची कमाई म्हणा, विद्या म्हणा, ती तिथे असते.

म्हणून सेलला हात लावण्याआधी यंत्र चालू करून एकेक जागा वहीत उतरून घ्यावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवावे. हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींनी फार चांगले होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर. दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा एकाने चुकला तर जागा १८५ मीटरने सरकते. खडप चुकवायला एवढी चूक पुरे होते.

आता सेलविषयी. २०३२ या आकड्याचा अर्थ २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा आकडा केवळ मापाचा आहे. सीआर २०३२ हा साधा सेल, तो चार्ज करायचा नसतो. एमएल २०३२ हा त्याच मापाचा, पण चार्ज होणारा. दोघेही ३ व्होल्टचे आणि दिसायला सारखे. ज्या यंत्रात चार्ज होणारा सेल आहे तिथे साधा बसवला तर यंत्र त्याला चार्ज करू पाहते. सेल तापतो, गळतो, क्वचित फुटतोही. म्हणून मापावर जाऊ नये, काढलेल्या सेलवरची अक्षरे वाचावीत. सेलच्या पाठीवर थेट सोल्डर लावू नये, पट्ट्या जोडलेला सेल मिळतो तोच घ्यावा. आणि काढलेला सेल टेबलावर पडू देऊ नये. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. तसे झाले तर वाट न पाहता मुलाला इस्पितळात न्यावे.

उजेड पडला आणि वायरलेस बहिरा झाला

आता त्या तांडेलमामांच्या जीपीएसची गोष्ट. जुन्या पडद्यामागे काचेची बारीक नळी असते. ती पेटवायला काही शे व्होल्ट लागतात. ती नळी मिळेना, म्हणून आम्ही बाजारातून एलईडीची पट्टी आणली, मापाने कापली आणि सोबत आलेल्या छोट्या ड्रायव्हरसकट बसवली. पडदा नव्यासारखा लखलखला. मामांनी पैसे दिले, वर खाऊला म्हणून भाच्यासारखे वीस रुपये जास्त दिले.

पंधरा दिवसांनी ते परत आले ते गप्प होते. समुद्रात असताना वारा फिरला होता. बाकीच्या बोटींनी वायरलेसवर एकमेकांना सांगून जाळी ओढली आणि परतीला लागल्या. यांच्या सेटवर नुसती खरखर. दुरून दुसऱ्या बोटी वळताना दिसल्या म्हणून यांनीही बोट वळवली. सगळे सुखरूप आले, पण किनारा गाठेपर्यंत अंधार झाला होता आणि धक्क्यावर घरची माणसे उभी होती.

आम्ही बोटीवर गेलो. जीपीएस बंद केले, वायरलेस स्वच्छ बोलू लागला. जीपीएस चालू केले, पुन्हा खरखर. दोष त्या स्वस्त ड्रायव्हरचा होता. असा ड्रायव्हर वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडतो-जोडतो, आणि त्यातून निघणारा गोंगाट वायरलेसच्या पट्ट्यात जाऊन बसतो. दूरच्या बोटीचा बारीक आवाज त्या गोंगाटाखाली बुडून जातो. सेट बिघडलेला नसतो, तो बहिरा झालेला असतो. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

ही गोष्ट आमच्यापुरतीच नव्हती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच धोक्याची सूचना काढली होती. एलईडी दिव्यांच्या गोंगाटामुळे एका बंदरातील बचाव केंद्राला एका जहाजाशी वायरलेसवर संपर्कच साधता आला नव्हता, असे तीत नमूद आहे. ती सूचना आम्हाला आधी ठाऊक असती तर बरे झाले असते.

आम्ही तो ड्रायव्हर काढून टाकला. त्याच्या जागी साधा, तोडजोड न करणारा रेग्युलेटर आणि योग्य मापाचे रेझिस्टर लावले. थोडी उष्णता वाढते, म्हणून मागे ॲल्युमिनियमची पट्टी दिली. खरखर गेली. पैसे अर्थातच परत केले.

याची परीक्षा कोणालाही घरच्या घरी करता येते. नवा दिवा किंवा नवा भाग बंद ठेवावा. वायरलेस १६ सोडून एखाद्या शांत चॅनेलवर लावावा. स्क्वेल्चचे बटण फिरवून खरखर जेमतेम थांबेल तिथे आणावे. मग तो नवा भाग चालू करावा. खरखर परत आली तर तो भाग बोटीवर ठेवू नये. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात.

अँटेना आणि केबल

जीपीएसची छत्रीसारखी अँटेना फुटली की गाडीची चुंबकवाली अँटेना लावायचा मोह होतो. ती पुष्कळदा चालतेही. पण आधी पाहावे की जुन्या छत्रीत नुसती अँटेना आहे की संपूर्ण रिसीव्हर. केबलमध्ये मधली एकच तार आणि भोवती जाळी असेल तर बहुधा नुसती अँटेना. चार-पाच रंगीत तारा असतील तर आत रिसीव्हर आहे, तिथे गाडीची अँटेना काहीच काम करणार नाही. मग यंत्राकडून केबलमध्ये किती व्होल्ट जातात ते मोजावे. गाडीची अँटेना ३ ते ५ व्होल्टची असते, जास्त दिले तर जळते. आणि तिच्या बुडाशी चुंबक असते, म्हणून ती होकायंत्रापासून लांब लावावी. नाहीतर जीपीएस सुधारेल आणि होकायंत्र खोटे बोलू लागेल.

वायरलेसच्या केबलमध्ये टीव्हीची केबल वापरू नये. टीव्हीची ७५ ओहमची, वायरलेसची ५० ओहमची. बोलताना सेट २५ वॉट देतो. साधी बारीक आरजी ५८ केबल १५ मीटर ओढली तर वर अँटेनापर्यंत निम्मी ताकदच पोचते. जाड आरजी २१३ थोडी महाग पडते, पण लांब डोलकाठीला तीच घ्यावी. केबल सोलल्यावर तांबे काळे दिसले तर खारे पाणी आत गेले आहे, तेवढा तुकडा कापून टाकावा. अँटेना न जोडता बोलायचे बटण कधीही दाबू नये, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जातो.

फिश फाइंडरचा बोटीच्या तळाचा डोळाही बाजारात साधा मिळतो. तो ५० की २०० किलोहर्ट्झचा, आणि किती वॉटचा, हे यंत्राशी जुळले पाहिजे. केवळ प्लग बसला म्हणून लावू नये.

झाकण परत बसवताना रबराची रिंग नवी घालावी. सिलिकॉन लावायचे तर व्हिनेगरसारखा वास येणारे लावू नये. तो वास आम्लाचा असतो आणि ते आम्ल आतले तांबे खाते. वास नसलेले, न्यूट्रल जातीचे सिलिकॉन मागून घ्यावे.

सुटा भाग जिथे कामाचा नाही

पुष्कळजण सांगत येतात की, जीपीएस जागा बरोबर दाखवते पण तारीख वीस वर्षांपूर्वीची दाखवते, सेल बदला. सेल बदलून ते सुधारत नाही. जीपीएसचे उपग्रह ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजत आले आहेत, पण जुन्या पद्धतीत मोजणी ० ते १०२३ एवढीच जाते. १०२४ आठवडे म्हणजे सुमारे १९ वर्षे ८ महिने झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. तसे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅमला ते कळत नाही. जागा बरोबर असेल तर यंत्र वापरावे, पण भरती-ओहोटी त्याच्या तारखेवरून पाहू नये. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर बरे.

रिसीव्हरच मेला आणि पडदा-प्लॉटर मात्र चांगला असला, तर बाहेरून नवा स्वस्त जीपीएस मॉड्यूल जोडता येतो. १९८३ साली ठरलेली एनएमईए ०१८३ ही यंत्रांची बोली अजून चालते. मॉड्यूल बहुधा ९६०० च्या वेगाने बोलतो, जुने यंत्र ४८०० च्या वेगाने ऐकते. म्हणून वेग जुळवावा लागतो आणि मधे व्होल्ट बदलणारी चिप घालावी लागते. हे काम शिकलेल्या हाताचे आहे.

काही यंत्रांना तर हातच लावू नये. बुडाल्यावर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारे संकटसूचक यंत्र, ज्याला ईपर्ब म्हणतात, ते किमान ४८ तास चालले पाहिजे असा नियम आहे. त्याच्या बॅटरीवर मुदत छापलेली असते. तिथे बाजारातले सेल जोडून देणारा माणूस दुरुस्ती करत नाही, दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळतो. आमच्याकडे अशी कामे आली तर आम्ही ती अधिकृत केंद्राकडे पाठवतो. रडारचेही तसेच. त्याच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात. फिरवण्याचा दातेरी पट्टा त्याच मापाचा, तेवढ्याच दात्यांचा मिळाला तर बदलावा. पुढे जाऊ नये.

आमची वही

हल्ली आम्ही प्रत्येक यंत्रामागे वहीत एक पान घालतो. कोणता भाग काढला, कोणता घातला, मोजून किती आला, वायरलेसची परीक्षा झाली का. यंत्र परत देताना बोटीवर जाऊन, इंजिन चालू ठेवून, सर्व दिवे लावून, धक्क्याच्या टोकाची जागा जीपीएसवर आणि मोबाइलवर ताडून पाहतो. तांडेलाने सही केल्याशिवाय पैसे घेत नाही. त्या पानाची नक्कल त्याच्या घरी राहते. पुढे दुसऱ्या कोणाकडे यंत्र गेले तरी त्याला कळते की आत काय आहे.

बंदरावर राबणाऱ्या घरांतून दहावी झालेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करावा. या कामाला ताकद लागत नाही, नजर आणि धीर लागतो, आणि मुली त्यात मुळीच मागे नाहीत. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून जेवणाआधी हात धुवावेत एवढे मात्र पहिल्याच दिवशी शिकावे.

आणि घरी वाट पाहणाऱ्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवावा. बोट वेळेवर परतली नाही तर चार लोकांना विचारत बसण्यापेक्षा तो आधी फिरवावा.

ते तांडेलमामा अजून आमच्याकडेच येतात. दर खेपेला जीपीएस टेबलावर ठेवण्याआधी विचारतात, "पोरांनो, वायरलेस लावून बघितलात ना?" आम्हाला त्याचा राग येत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने हेच विचारावे.